घर आणि यंत्र : सी आणि डी यांची वांटणी

'वांटणी' हा शब्द आपल्या घरांतून फारशा आनंदानें उच्चारला जात नाहीं. तो निघाला कीं वडील माणसें गंभीर होतात, स्वयंपाकघरांतील बोलणें हळू होतें, आणि ओसरीवर बसलेला एखादा शेजारी कांहीं काम आठवल्यासारखें करून उठून जातो. परंतु आज ज्या वांटणीविषयीं आम्ही लिहिणार आहों ती वाड्याची नव्हे, शेताची नव्हे, दागिन्यांचीहि नव्हे. घरांतील संगणकाच्या पोटांत जी हार्ड डिस्क असते तिच्या वांटणीचा हा विचार आहे. 'सी भरला आहे, डी रिकामा आहे. डीमधील थोडी जागा सीला कशी द्यावी?' हा प्रश्न सांप्रत इतक्या घरांतून विचारला जातो कीं, या सदरांत त्याचा एकदां सविस्तर परामर्श घेणें आम्हांस अवश्य वाटलें.

प्रश्न दिसण्यांत लहान आहे. परंतु त्या डिस्कमध्यें काय काय सांठलें आहे याची नुसती यादी केली तरी त्याचें गांभीर्य लक्षांत येईल. मुंजींचीं व लग्नांचीं छायाचित्रें, आजोबांनीं दहा-बारा वर्षें खपून जुळवीत आणलेली कुलवृत्तांताची मांडणी, कैलासवासी आजींच्या आवाजांतील भूपाळ्या, सूनबाईंच्या प्रबंधाचीं प्रकरणें, इन्कम टॅक्सचे कागद, घराच्या खरेदीखताच्या नकला, हें सर्व हाताच्या पंजाएवढ्या एका पेटींत असतें. पूर्वीं हीच चीजवस्तु चार कपाटांत, दोन ट्रंकांत आणि देवघरांतील एका कोनाड्यांत विभागलेली असे. एका ट्रंकेस वाळवी लागली तरी दुसरी राही. आतां एका पेटीवर सगळ्या घराची स्मृति अवलंबून आहे. आणि त्या पेटीची वांटणी करावयास बहुधा घरांतील सर्वांत धाकटा व सर्वांत उतावळा माणूस रविवारीं दुपारीं, वडील मंडळी निजली असतां, बसतो. म्हणून चार गोष्टी अगोदर समजून घेतलेल्या बऱ्या.

प्रथम ही वांटणी आली कोठून तें पाहूं. १९८३ मध्यें आय.बी.एम. कंपनीनें 'पी.सी. एक्स.टी.' हा संगणक विक्रीस आणला. त्यांत १० एम.बी.ची हार्ड डिस्क होती. आजच्या मोबाइलनें काढलेलीं तीन-चार छायाचित्रें तींत कशीबशी मावलीं असतीं. तथापि त्याच वर्षीं डॉस या कार्यप्रणालीच्या दुसऱ्या आवृत्तींत डिस्कचे भाग पाडण्याची सोय करण्यांत आली. डिस्कच्या अगदीं आरंभींचा ५१२ बाइटांचा एक खण राखून ठेवून त्यांत नोंदवही घातली, आणि त्या नोंदवहींत चार नोंदींपुरती जागा ठेविली. ए आणि बी हीं अक्षरें फ्लॉपीकडे आधींच गेलेलीं होतीं. म्हणून हार्ड डिस्कच्या वांट्यास सी हें अक्षर आलें. फ्लॉपी केव्हांच इतिहासजमा झाली, पण सी जागचा हलला नाहीं. मूळ पुरुष जाऊन शेंकडों वर्षें झालीं तरी घराण्याचें आडनांव राहतें, तसाच हा प्रकार.

पुढें १९९० नंतरच्या दशकांत डिस्क मोठी होत गेली, परंतु त्या वेळच्या 'फॅट-१६' नांवाच्या मांडणींत एका भागास २ जी.बी.हून अधिक जागा देतां येत नसे. तेव्हां ४ जी.बी.ची डिस्क घेणारास तिचे दोन-तीन भाग करणें प्राप्तच होतें. १९९६ मध्यें 'फॅट-३२' आल्यावर ही अडचण दूर झाली. पण तोंपर्यंत संवय जडून गेली होती. बुधवार पेठेंतील तपकीर गल्लींतून सुटे भाग आणून घरीं संगणक जुळवून देणारे तरुण त्या काळीं पुण्यांत पेठोपेठीं असत. यंत्र जुळवून झालें कीं यजमानांस न विचारतांच ते सी, डी, ई असे तीन भाग पाडून देत, आणि चहा घेऊन जातांना एक मंत्र सांगून जात : 'सीला हात लावूं नका, तुमचें सगळें डीमध्यें ठेवा.' मंत्र वाईट नव्हता. विंडोज बिघडली कीं सी पुसून ती नव्यानें घालावी लागे, आणि तेवढ्यापुरतें डीमधील सामान वांचे. परंतु त्या काळीं सीला दिलेली जागा त्या काळच्या गरजेची होती. २००१ सालच्या विंडोज एक्स.पी.ला दीड जी.बी. पुरत असे, २०२१ सालची विंडोज ११ कमींत कमी ६४ जी.बी. मागते, आणि शिवाय दर महिन्याच्या सुधारणांसाठीं जागा लागते ती निराळीच. बिऱ्हाड वाढलें आणि खोली तीच राहिली, म्हणजे शेजारच्या कोठीच्या खोलीकडे डोळा जाणें स्वाभाविकच आहे.

आतां हे भाग म्हणजे नेमकें काय, हें पाहूं. डिस्कमध्यें खरोखरीची भिंत कोठेंहि नसते. 'अमुक खणापासून तमुक खणापर्यंत सी, तेथून पुढें डी' एवढी नोंद मात्र असते. शेत आणि शेताचा सात-बारा यांत जो भेद, तोच येथें समजावा. सात-बारावरील नोंद खोडली म्हणून जमीन नाहींशी होत नाहीं आणि पीकहि जळत नाहीं. परंतु मालकी दाखविण्यास कागद उरत नाहीं, आणि दुसऱ्या कोणास तेथें नांगर घालण्यास मोकळीक होते. डिस्कवरील एखादा भाग 'डिलीट' केला म्हणजे असेंच होतें. आंतील सामान कांहीं काळ जागच्या जागीं असतें, पण तें कोणाचें व कोठवर, हें सांगणारी नोंद जाते; आणि संगणक ती जागा पडीक समजून तेथें नवीन मजकूर लिहूं लागतो. जुन्या नोंदवहींत चारच मुख्य नोंदी मावत आणि २ टी.बी.पलीकडची जागा मोजतां येत नसे. आजच्या 'जी.पी.टी.' नांवाच्या नोंदवहींत सामान्यतः १२८ नोंदींची सोय असते, आणि तिची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटच्या टोकास ठेविलेली असते. नोंदवहीची नक्कल असावी हें यंत्र करणारांसहि पटलें. घर करणारांस तें अजून पुरतें पटलेलें दिसत नाहीं.

जातां जातां एका शंकेचें निरसन करूं. १ टी.बी.ची म्हणून विकत घेतलेली डिस्क विंडोजमध्यें ९३१ जी.बी.ची दिसते, आणि दुकानदारानें फसविलें असें पुष्कळांस वाटतें. तसें नाहीं. विकणारा हजाराच्या पटीनें मोजतो, विंडोज १०२४ च्या पटीनें मोजते. आजीचा तोळा ११.६६ ग्रॅमचा होता, आजचा सराफ १० ग्रॅमला तोळा म्हणतो; सोनें तेंच, माप निराळें.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. वर सांगितलेल्या मंत्राचा कालांतरानें असा अर्थ झाला कीं, जें डीमध्यें ठेविलें तें सुरक्षित. हा भ्रम आहे, आणि सुशिक्षित घरांतूनहि तो फार दृढ आहे. सी आणि डी हीं दोन घरें नव्हेत. एकाच छपराखालच्या त्या दोन खोल्या आहेत. विंडोज बिघडली तर डी वांचतो, हें खरें. पण डिस्कच बिघडली, लॅपटॉप चोरीस गेला, किंवा घरांत पाणी शिरलें, तर माजघर आणि कोठीची खोली एकदमच जाते.

पुण्यास हा धडा नव्यानें सांगावयास नको. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, पाठोपाठ खडकवासल्याचेंहि फुटलें, आणि नदीकांठच्या शनिवार, नारायण आदिकरून पेठांतून पाणी शिरलें. ज्यांचीं घरें त्या दिवशीं गेलीं त्यांच्या पोथ्या, पत्रिका आणि फोटो माजघरांतील कपाटांत होते कीं देवघरांतील पेटींत होते, या भेदाला मग कांहीं अर्थ उरला नाहीं. परगांवीं कोणा आप्ताकडे ज्याची नक्कल होती, तेवढेंच काय तें राहिलें. डिस्कच्या बाबतींत हाच नियम आहे : दुसरी खोली म्हणजे दुसरी प्रत नव्हे, दुसरें घर म्हणजे दुसरी प्रत.

सी व डी यांतील सीमा आपण समजतों तितकी स्पष्टहि नसते. आपल्याकडील वडील मंडळींनीं वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं जें मराठी लेखन संगणकावर केलें, तें बहुधा पुण्याच्याच सी-डॅकच्या 'आय.एस.एम.' मध्यें किंवा पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या 'श्री-लिपि' मध्यें. लेख डीमध्यें असे, पण त्याचीं अक्षरें, म्हणजे फाँट, विंडोजच्या पोटांत सीमध्यें असत. सी पुसून नवी विंडोज घातली कीं लेख जागेवर असूनहि त्याऐवजीं रोमन अक्षरांचा व चिन्हांचा कचरा दिसूं लागे, आणि 'लेख खराब झाला' म्हणून कित्येकांनीं तो पुसूनहि टाकला असेल. लेख खराब झालेला नसतो. त्याची लिपि मात्र शेजारच्या खोलींत राहून गेलेली असते. असे लेख ज्यांच्या घरीं असतील त्यांनीं कोणतीहि वांटणी करण्यापूर्वीं ते फाँट सीमधून काढून लेखांच्या शेजारीं ठेवावे.

आमच्या परिचयाच्या एका घरीं कांहीं वर्षांमागें घडलेली गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. सी भरला म्हणून पुतण्यानें तो वाढवावयास घेतला. 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' हें कलम फिकट दिसत होतें व दाबलें जात नव्हतें. शेजारचा भाग काढल्याशिवाय तें जागें होत नाहीं, असें त्यानें कोठेंसें वाचलें. आणि तें खरेंच होतें. त्यानें डी काढला, सी वाढविला, आणि डीमधील सामान आतां आपोआप सीमध्यें येऊन पडेल अशा समजुतीनें तो वाट पाहत बसला. सामान अर्थातच आलें नाहीं. घरांत एकच कल्लोळ झाला. त्या वेळीं काकूंनीं पुढें होऊन यंत्र बंद केलें व म्हणाल्या, 'आतां याला कोणीं हात लावूं नका.' त्या एका वाक्यानें पुष्कळ वांचलें. जाणत्या माणसानें ती डिस्क बाहेर काढून, तिच्यावर कांहींहि न लिहितां, तिची संपूर्ण नक्कल उतरून घेतली, आणि त्या नकलेंतून बहुतेक छायाचित्रें परत मिळविलीं. मात्र पुष्कळांचीं नांवें व तारखा गेल्या. कोणती मुंज कोणाची हें आतां चेहऱ्यांवरून ठरवावें लागतें. आजींच्या भूपाळ्यांची फाइल तुटकी निघाली. ती सबंध राहिली ती नाशिकास दिलेल्या लेकीकडे; माहेरपणास आली असतां तिनें ती पेन ड्राइव्हवर घालून नेली होती. त्या घरांतील एकाहि माणसानें ती प्रत 'सुरक्षिततेसाठीं' केलेली नव्हती. मायेनें केलेली होती. पण सुरक्षितता तिनेंच दिली.

यावरून कामाचा जो क्रम आम्हांस योग्य वाटतो तो असा.

पहिली गोष्ट : भिंत हलविण्यापूर्वीं सामान हलवून पाहावें. सी कशानें भरला आहे तें आधीं पाहावें. 'डाउनलोड्स' या कप्प्यांत वर्षानुवर्षें सांचलेला पसारा असतो. मोबाइलवरून उतरविलेलीं तींच छायाचित्रें दोन-तीन ठिकाणीं पडलेलीं असतात. कचऱ्याची टोपली महिनोन् महिने रिती केलेली नसते. विंडोजच्या 'स्टोरेज' या पानावर कोणी किती जागा अडविली आहे याचा तक्ता मिळतो. तसेंच 'डॉक्युमेंट्स', 'पिक्चर्स' व 'व्हिडिओज' हे कप्पे मुळांत सीमध्यें असतात. त्यांवर उजवें बटण दाबून 'प्रॉपर्टीज' मध्यें 'लोकेशन' हें पान उघडलें, तर ते डीमध्यें नेण्याची सोय विंडोजनेंच केलेली आहे. कप्प्याचें नांव तेंच राहतें, माणसांची संवय तीच राहते, आणि जागा मात्र बदलते. पुष्कळ घरांचें काम एवढ्यानेंच भागतें, आणि वांटणीचा प्रसंगच येत नाहीं. जी वांटणी टळली तीच सर्वांत चांगली, हें वाड्याइतकेंच येथेंहि खरें आहे.

दुसरी गोष्ट : तरीहि भिंत हलविणें भागच असेल, तर आधीं नक्कल करावी. नक्कल म्हणजे त्याच डिस्कच्या दुसऱ्या भागांत नव्हे. बाहेरच्या निराळ्या डिस्कवर. आणि ती करून थांबूं नये. दुसऱ्या संगणकावर लावून तींतील पांच-दहा फाइली उघडून पाहाव्या. जी नक्कल कधीं उघडून पाहिली नाहीं ती आहे असें समजूं नये. शक्य तर आणखी एक प्रत दुसऱ्या गांवीं, मुलीकडे किंवा भावाकडे, असावी. पेशवे दफ्तरांत कागद रुमालांत बांधून ठेवीत. तसे आपणहि कप्पे नीट बांधून, कोणत्या कप्प्यांत काय आहे याची एक यादी साध्या कागदावर लिहून ठेवावी. संगणकांतील वस्तूंची यादी संगणकांतच ठेवण्यांत विशेष शहाणपण नाहीं.

तिसरी गोष्ट : कुलूप आणि वीज. अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपांत डिस्क 'बिटलॉकर' पद्धतीनें कुलूपबंद असते, आणि मालकास त्याची वार्ताहि नसते. भिंती हलविल्यावर यंत्र ४८ अंकी किल्ली मागूं शकतें. ती किल्ली बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यांत नोंदलेली असते. ती आधीं शोधून कागदावर उतरून घ्यावी, आणि काम होईपर्यंत कुलूप तात्पुरतें स्थगित ठेवावें. वीज जाण्याचा संभव सर्वत्रच आहे. म्हणून लॅपटॉप पूर्ण भारलेला व शिवाय तारेस जोडलेला असावा, आणि मेजावरील संगणक असल्यास यू.पी.एस. असल्याखेरीज या कामास हात घालूं नये. भिंत अर्धी सरकलेली असतां दिवा जाणें याइतका वाईट मुहूर्त दुसरा नाहीं.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट' मध्यें डिस्कचे भाग डावीकडून उजवीकडे ओळीनें दाखविलेले असतात. २००७ मध्यें घरोघर आलेल्या विंडोज व्हिस्टापासून भाग लहान करण्याची व मोठा करण्याची सोय तेथें आहे. पहिलीचें नांव 'श्रिंक', दुसरीचें 'एक्स्टेंड'. पण दोन्ही फक्त उजव्या भिंतीसंबंधीं आहेत. डी लहान केला म्हणजे मोकळी झालेली जागा डीच्या उजवीकडे येते, आणि सी तर डीच्या डावीकडे असतो. मध्यें सबंध डी उभा. म्हणून सीचें 'एक्स्टेंड' हें कलम फिकटच राहतें. यंत्र बिघडलेलें नाहीं. वाड्याच्या पलीकडच्या टोकाची खोली रिकामी झाली म्हणून अलीकडचें माजघर वाढत नाहीं, इतकाच त्याचा अर्थ.

डावी भिंत हलविणें इतकें जड कां, हेंहि समजून घ्यावें. प्रत्येक भागांत फाइलींचे पत्ते त्या भागाच्या डाव्या उंबऱ्यापासून मोजलेले असतात. उजवी भिंत मागेंपुढें झाली तर पत्ते बदलत नाहींत. पण उंबराच सरकला तर आंतील एकूणएक सामान उचलून नव्या जागीं लावावें लागतें. तें काम विंडोज करीत नाहीं. २००४ पासून 'जीपार्टेड' नांवाचें एक विनामूल्य साधन उपलब्ध आहे. तें पेन ड्राइव्हवर घालून संगणक त्यावरूनच चालू करावा लागतो, आणि मग तें डी लहान करून उजवीकडे सरकवूं शकतें. डी भरलेला असेल तर या कामास कांहीं तासहि लागतात, आणि मध्यें तें थांबवितां येत नाहीं. त्यापूर्वीं विंडोज पुरती बंद केलेली असावी. नेहमींच्या 'शट डाउन' नें ती कित्येक यंत्रांत अर्धवट झोंपलेलीच राहते. शिफ्ट कळ दाबून धरून 'शट डाउन' केलें म्हणजे ती पुरती बंद होते.

ज्यांची बाहेरची नक्कल पडताळलेली आहे त्यांस याहून साधा मार्ग मोकळा आहे. डीमधील सर्व सामान बाहेरच्या डिस्कवर आहेच. तेव्हां डी काढावा, सी हवा तेवढा वाढवावा, उरलेल्या जागेंत नवा डी करावा आणि सामान परत आणावें. यांत गुंतागुंत कमी आहे. मात्र या मार्गाचा सर्व भार नकलेवर आहे, हें पुनः सांगतों. पुतण्यानें जें केलें तेंच हें. भेद एवढाच कीं, त्याच्यापाशीं नक्कल नव्हती.

आणखी दोन अडचणी पुष्कळांस भेटतात. एक अशी कीं, डी रिकामा दिसत असूनहि 'श्रिंक' फार थोडीच जागा देऊं करतें. याचें कारण कांहीं फाइली जागच्या न हलणाऱ्या असतात, आणि त्या मध्येंच ठाण मांडून बसल्या असतील तर त्यांपलीकडे भिंत येऊं शकत नाहीं. दुसरी अशी कीं, सीच्या लगत उजवीकडे 'रिकव्हरी' नांवाचा एक लहान भाग असतो, आणि तो पुसावा असा मोह होतो. तो पुसूं नये. विंडोज आजारी पडली तर तिच्या शुश्रूषेचें सामान त्यांतच असतें. जानेवारी २०२४ मध्यें विंडोज १० च्या एका सुधारणेस या लहान खोलींत २५० एम.बी. मोकळी जागा हवी होती. ती नसल्यामुळें कित्येक यंत्रांवर ती सुधारणा बसेना, आणि मायक्रोसॉफ्टनें लोकांस ही खोली हातानें वाढविण्याची कृति प्रसिद्ध केली. घरगुती माणसास भिंती हलविण्याचें काम खुद्द विंडोज करणारांनींच सांगावें, असा तो प्रसंग होता. विंडोज १० चा नेहमींचा विनामूल्य आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला आहे. तेव्हां ज्यांच्या घरीं ती अजून चालू आहे त्यांनीं केवळ भिंतीचा नव्हे, सबंध घराचाच विचार करण्याची वेळ आली आहे.

इतकें करूनहि चूक झालीच, तर काकूंचें वाक्य आठवावें. यंत्र बंद करावें. त्यावर नवें कांहीं लिहूं नये, परत मिळविण्याचें साधनहि त्याच डिस्कवर उतरवूं नये. फिरत्या चकतीच्या जुन्या डिस्कवर खोडलेली नोंद पुष्कळदां परत उभी करतां येते. 'टेस्टडिस्क' नांवाचें विनामूल्य साधन त्याचसाठीं आहे. परंतु नव्या एस.एस.डी. मध्यें मोकळी म्हणून कळविलेली जागा यंत्र स्वतःच आंतून साफ करून टाकतें. तेथें ही आशा फार थोडी. म्हणून नव्या यंत्रांच्या बाबतींत तर नकलेवांचून पाऊल टाकूंच नये.

शेवटीं एक गोष्ट यंत्राबाहेरची. एकत्र कुटुंबांत संगणक कोणा एकाचा नसतो. डीमध्यें कोणाचें काय आहे, हें वांटणी करणारास बहुधा ठाऊक नसतें. आणि ज्यांचें तें आहे त्यांस वांटणी होणार आहे, हें ठाऊक नसतें. वाड्याच्या वांटणीस सर्व हिस्सेदारांच्या सह्या लागतात. येथें सह्या नकोत. पण आदल्या दिवशीं रात्रीं जेवणाच्या वेळीं 'उद्यां मी डीला हात लावणार आहें, कोणाचें काय आहे तें सांगा' एवढें वाक्य अवश्य उच्चारावें. आजोबा म्हणतील, माझी वंशावळ. वहिनी म्हणतील, माझें चौथें प्रकरण. आणि एखादी गोष्ट अशी निघेल कीं ती तेथें आहे हें सर्वच विसरले होते. त्या एका वाक्यास वीज लागत नाहीं, किल्ली लागत नाहीं, आणि सगळ्या साधनांहून अधिक सामान तें वांचवितें.

जुन्या फाँटांतील मराठी लेखन युनिकोडमध्यें कसें आणावें, याचा विचार पुढील अंकीं करूं. तोंवर वाचकांनीं ते फाँट आणि ते लेख यांची ताटातूट होऊं देऊं नये.